पूर्वीच्या योद्ध्यांचें बळ

वस्तुसंग्रहालयांत कांचेच्या कपाटासमोर उभें राहून जुनी तलवार किंवा चिलखत पाहणाऱ्या मंडळींच्या तोंडून एक उद्गार हटकून निघतो : "काय माणसें असतील तीं!" बोलणाऱ्याच्या मनांत एक चित्र असतें. त्या चित्रांतला योद्धा सात फूट उंच असतो, त्याची तलवार मणभर वजनाची असते, आणि त्याच्यापुढें आजचा माणूस म्हणजे केवळ पाप्याचें पितर ! हा समज आपल्याकडेच आहे असें नाहीं. युरोपांतहि तो फार दिवसांपासून नांदत आला आहे, आणि तेथें त्याला एक विनोदी जोड मिळाली आहे. मध्ययुगांतील 'नाइट' म्हणजे घोडेस्वार सरदार इतकें जड चिलखत घालीत, कीं त्यांना घोड्यावर बसविण्यासाठीं यारीनें उचलावें लागे, असें तेथें पुष्कळांना वाटतें. १९४४ सालीं निघालेल्या 'पांचवा हेन्री' या इंग्रजी बोलपटांत तर असा एक फ्रेंच सरदार दोरखंडानें घोड्यावर सोडलेला प्रत्यक्ष दाखविला आहे. एकीकडे त्या माणसांना राक्षसाचें बळ द्यावयाचें, आणि दुसरीकडे त्यांना घोड्यावरहि चढतां येत नव्हतें असें म्हणावयाचें ! हे दोन समज एकमेकांचे वैरी. तरी एकाच डोक्यांत ते सुखानें राहतात.

अभ्यासकांनीं जेव्हां जुनीं शस्त्रें कांट्यावर घालून पाहिलीं, तेव्हां दोन्ही समज सारखेच फोल ठरले. मध्ययुगीन युरोपांतील एका हाताची तलवार साधारणतः अडीच ते तीन रत्तल, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास, भरते. दोन्ही हातांनीं चालविण्याची त्या काळची लढाऊ तलवार बहुधा साडेतीन-चार रत्तलांच्या पुढें जात नाहीं. याहून पुष्कळ जड तलवारी संग्रहालयांत दिसतात खऱ्या. पण त्यांतल्या कित्येक मिरवणुकींत राजापुढें धरण्यासाठीं घडविलेल्या असत. पंधराव्या शतकांत युद्धावर जातांना घालावयाचें पुरें पोलादी चिलखत ४५ ते ५५ रत्तल, म्हणजे २० ते २५ किलो वजनाचें असे, आणि हें वजन एका जागीं न लोंबतां साऱ्या अंगावर वांटलेलें असे. भाल्यांच्या खेळांतील सामन्यांसाठीं याहून जड चिलखतें निराळीं केलेलीं असत. युद्धांतला सरदार मात्र आपल्या पायांनींच घोड्यावर चढे.

शरीराच्या आकाराचीहि तीच गोष्ट. उत्तर इंग्लंडांत टाउटन येथें २९ मार्च १४६१ रोजीं एक भयंकर लढाई झाली. तींत पडलेल्या सैनिकांना एकत्र पुरलेला एक खड्डा १९९६ सालीं सांपडला. त्यांतून निघालेल्या तिसांहून अधिक सांगाड्यांची मापें घेतलीं, तेव्हां त्या माणसांची सरासरी उंची साडेपांच फुटांहून थोडीशीच अधिक निघाली. म्हणजे आपल्या आळींतून जाणाऱ्या कोणाहि सामान्य तरुणाइतकी !

मग त्यांचें बळ ही सारी दंतकथाच म्हणावयाची काय? तसें मात्र नाहीं. बळ खरें होतें. त्याचा पत्ता तेवढा आपण चुकीचा धरला होता. त्या बळाचा खरा ठाव लागतो तो त्यांच्या शिक्षणांत.

त्या शिक्षणाचें एक जुनें मूळ रोमन ग्रंथकार व्हेजेशियस याच्या युद्धशास्त्रावरील ग्रंथांत आहे. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळांत लिहिलेला हा ग्रंथ मध्ययुगांत युरोपभर वाचला जाई; १२८४ सालीं त्याचें फ्रेंच भाषांतरहि झालें. जुन्या रोमन पद्धतीचें वर्णन करतांना व्हेजेशियस सांगतो, कीं नव्या शिपायाच्या हातीं खरी तलवार न देतां दुप्पट वजनाची लांकडी तलवार आणि तशीच दुप्पट वजनाची वेताची ढाल देत. जमिनींत सहा फूट उंचीचा एक खांब पुरलेला असे. तो खांब म्हणजेच शत्रु. कधीं त्याच्या डोक्यावर, कधीं कुशीवर, कधीं गुडघ्यावर वार करावयाचा, आणि वार करतांना आपलें अंग उघडें पडूं द्यावयाचें नाहीं. हा अभ्यास सकाळीं एकदां आणि दुपारनंतर एकदां, असा रोज चाले. दुप्पट वजनाला सरावलेल्या हाताला खरी तलवार फुलासारखी वाटावी, हा त्यांतला हेतु. जोडी फिरविणाऱ्या आपल्याकडील तालीमबाजाला हें मर्म निराळें समजावून सांगण्याची गरज नाहीं.

अशा शिक्षणानें माणूस कोठवर जातो, याचें उदाहरण म्हणून फ्रान्सचा मार्शल बूसिको याचें नांव घेतां येईल. याचा जन्म १३६६ सालचा. वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, १३९१ सालीं, तो मार्शल झाला. त्याच्या हयातींतच १४०९ च्या सुमारास त्याचें एक चरित्र लिहिलें गेलें, आणि त्यांत त्याच्या तरुणपणच्या व्यायामाचें मोठें मनोरंजक वर्णन आहे. पूर्ण चिलखत चढवून तो रिकिबींत पाय न घालतां घोड्यावर उडी घेई. दम वाढावा म्हणून लांबवर चाले आणि धांवे. हात व खांदे कणखर व्हावे म्हणून कुऱ्हाडीनें किंवा मोगरीनें बराच वेळ घाव घालीत राही. शिरस्त्राण तेवढें काढून, बाकीच्या चिलखतासह तो कोलांटी मारी. भिंतीला टेकलेल्या शिडीच्या उलट्या बाजूनें, पाय न टेकतां, नुसत्या हातांनीं तो एकेक पायरी वर चढे. श्रोत्यांपैकीं ज्यांनीं मल्लखांबावरचीं कामें पाहिलीं असतील, त्यांना हें वर्णन परक्या देशांतलें वाटणारच नाहीं. चरित्रकार आपल्या नायकाची थोडीफार स्तुति करणारच, हें गृहीत धरलें तरी एक गोष्ट उरते : ज्या चिलखतांत माणसाला हालतांहि येत नव्हतें असें आपण समजतों, त्या चिलखतांत कोलांटी मारणें त्या काळच्या वाचकाला अशक्य वाटत नव्हतें.

या शिक्षणांत नुसत्या जोराला किती मान होता, हेंहि पाहण्याजोगें आहे. इटलींतील फियोरे देई लिबेरी या शस्त्रगुरूनें १४१० च्या सुमारास आपली विद्या एका सचित्र ग्रंथांत उतरवून ठेविली. ग्रंथाचा आरंभ तलवारीनें होत नाहीं, कुस्तीनें होतो. मग कट्यार, मग तलवार, भाला, आणि शेवटीं घोड्यावरचें युद्ध. याच ग्रंथांत एका मनुष्याकृतीभोंवतीं चार प्राणी काढलेले आहेत. डोक्यापाशीं लिंक्स नांवाचें रानमांजर, तें सावध नजरेचें चिन्ह. एका हातापाशीं वाघ, तो चपळाईचा. दुसऱ्या हातापाशीं सिंह, तो धैर्याचा. आणि पायांपाशीं पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती, तो बळाचा. बळाची जागा पायाशीं आहे. त्यावर बाकीचे गुण उभे राहतात. परंतु नुसत्या पायाला कोणी घर म्हणत नाहीं.

कोणी म्हणेल, बूसिको पडला सरदार. त्याला घोडा, गुरु, वेळ आणि पोटभर अन्न, सर्व कांहीं होतें. जन्मभर दुसरा उद्योग नसलेल्या माणसानें बळ कमावलें, त्यांत नवल तें काय? ही शंका रास्त आहे. म्हणून त्याच काळांतला अगदीं दुसऱ्या थरांतला योद्धा पाहिला पाहिजे. तो म्हणजे इंग्लंडचा धनुर्धर. हा सरदार नव्हे. आठवड्याचे सहा दिवस नांगर धरणारा, गुरें राखणारा किंवा गांवांत कांहीं धंदा करणारा हा सामान्य मनुष्य. क्रेसी येथें १३४६ सालीं आणि प्वातिए येथें १३५६ सालीं फ्रान्सच्या नामांकित सरदारांचा मोड झाला, त्यांत या माणसाच्या धनुष्याचा वांटा फार मोठा होता.

त्याचें धनुष्य म्हणजे यू नांवाच्या झाडाच्या लांकडाची, माणसाहून उंच अशी एक साधी काठी. दिसावयास तें जितकें साधें, तितकेंच ओढावयास कठीण. त्यासाठीं तिसरा एडवर्ड राजा यानें १३६३ सालीं हुकूम काढला, कीं धडधाकट माणसांनीं सणासुदीच्या दिवशीं, मोकळ्या वेळांत, धनुष्यबाणाचाच सराव करावा. फुटबॉल, कोंबड्यांच्या झुंजी आणि असले निरुपयोगी खेळ खेळेल त्याला तुरुंगांत घालण्यांत येईल. फुटबॉलपायीं राष्ट्र बुडेल ही काळजी, दिसतें तितकी अलीकडची नाहीं !

परंतु हुकुमाहून महत्त्वाची गोष्ट घरांत घडत होती. ह्यू लॅटिमर हा एका साध्या शेतकऱ्याचा मुलगा पुढें बिशप झाला. १५४९ सालीं बालराजा सहावा एडवर्ड याच्यासमोर प्रवचन करतांना त्यानें आपल्या बालपणाची आठवण सांगितली. त्याच्या बापानें त्याला धनुष्य ओढावयास शिकविलें, तें नुसत्या हाताच्या जोरानें नव्हे, तर साऱ्या अंगाचा भार धनुष्यांत घालून. बाप त्याला वयाच्या व शक्तीच्या मानानें धनुष्य विकत आणून देई. मुलगा वाढला, कीं धनुष्यहि वाढे. लॅटिमरचें म्हणणें असें, कीं अशा रीतीनें वाढविल्यावांचून कोणी चांगला धनुर्धर व्हावयाचा नाहीं. या आठवणींत ना कांहीं गुप्त मंत्र आहे, ना औषध. एक बाप आहे, एक मुलगा आहे, आणि दर थोड्या वर्षांनीं थोडें अधिक जड होत जाणारें एक धनुष्य आहे.

तें शेवटचें धनुष्य किती जड होतें, याविषयीं विद्वानांत पुष्कळ दिवस वाद होता. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील हौशी लोक जीं धनुष्यें ओढीत, त्यांना साधारणतः चाळीस ते साठ रत्तलांचा जोर लागे. दोरीला तेवढें वजन टांगलें असतां धनुष्य पुरतें वांकेल, असा याचा अर्थ. मग जुन्या काळीं शंभर रत्तलांच्या पुढचीं धनुष्यें हजारों सामान्य शेतकरी ओढीत होते, हें खरें मानावयाचें कसें? आपल्या अंगीं नसलेलें बळ दुसऱ्याच्या अंगीं असूं शकेल, हें मान्य करणें पंडितांनाहि जड जातें.

हा वाद समुद्रानें सोडविला. आठव्या हेन्रीचें 'मेरी रोझ' नांवाचें लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजीं पोर्ट्समथजवळ, फ्रेंच आरमाराशीं सामना चालूं असतां, बुडालें. जहाजावरचे फार थोडे लोक वांचले. चार शतकांहून अधिक काळ तें गाळांत पडून होतें; ११ ऑक्टोबर १९८२ रोजीं त्याचा सांगाडा वर काढण्यांत आला. समुद्रतळाच्या गाळानें लांकूड सांभाळून ठेविलें होतें. त्या जहाजांतून १३७ शाबूत धनुष्यें आणि साडेतीन हजारांवर बाण मिळाले. धनुष्यांचीं मापें घेऊन, तशींच नवीं धनुष्यें करून आणि गणित मांडून पाहतां असें दिसून आलें, कीं त्यांचा जोर सुमारे १०० पासून १८५ रत्तलांपर्यंत होता, आणि बरींचशीं धनुष्यें १५० रत्तलांच्या आसपासचीं होतीं. १५० रत्तल म्हणजे ६८ किलो. आपल्या जुन्या हिशेबानें जवळजवळ पावणेदोन मण! एवढ्या जोराची दोरी आकर्ण ओढावयाची, आणि तीहि एकदां नव्हे, तर शत्रु समोरून येत असतां पुन्हां पुन्हां.

धनुष्यांबरोबर माणसांचीं हाडेंहि सांपडलीं. त्यांनीं सांगितलेली हकीकत अधिक विलक्षण आहे. खांद्याच्या पात्याचें जें वरचें टोंक असतें, तें लहानपणीं निराळें असून तारुण्यांत पदार्पण केल्यानंतर मुख्य हाडाशीं एकजीव होतें. मेरी रोझवरील मृतांपैकीं नेहमींपेक्षां पुष्कळ अधिक जणांच्या बाबतींत तें एकजीव झालेंच नव्हतें. हाडांच्या अभ्यासकांनीं याचें कारण असें सुचविलें आहे, कीं वाढत्या वयांत जड धनुष्याचा ताण खांद्यावर सारखा पडत राहिल्यामुळें तें हाड जुळावयास सवडच मिळाली नाहीं. लॅटिमरच्या बापानें मुलाबरोबर धनुष्य वाढविलें. येथें धनुष्यानें मुलाचें शरीर आपल्या बेताचें करून घेतलें. हें बळ फुकटचें नव्हतें. त्याची किंमत सांध्यांनीं आणि हाडांनीं मोजली होती.

सरदाराचें शिक्षण आणि शेतकऱ्याचें शिक्षण, या दोहोंची गांठ २५ ऑक्टोबर १४१५ रोजीं ॲजिनकोर्टच्या रणांगणावर पडली. पांचव्या हेन्रीच्या थकल्याभागल्या सैन्यांत बहुसंख्य लोक धनुर्धर होते. समोर फ्रान्सचे सरदार. आणि त्यांच्या आघाडीला आतां पन्नाशीच्या जवळ आलेला तोच मार्शल बूसिको. आदल्या रात्रीं पाऊस पडला होता आणि शेत नुकतेंच नांगरलेलें होतें. बाणांच्या वर्षावांतून, चिखल तुडवीत, चिलखती सरदार पायीं पुढें सरकत होते. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चिलखत घातलेल्या माणसांना यांत्रिक पट्ट्यावर चालावयास लावून त्यांचा श्वास मोजण्यांत आला. त्यांत असें आढळलें, कीं चालण्यास दुपटीहून अधिक शक्ति खर्च होते. याचें एक मोठें कारण म्हणजे पायांवरचें पोलाद. तें दर पावलाला उचलावें लागतें. शिवाय छातीवरच्या पत्र्यामुळें श्वास भरून घेतां येत नाहीं. हा प्रयोग सपाट पट्ट्यावरचा. ॲजिनकोर्टला घोट्याच्या वर चिखल होता. फ्रेंच सरदार इंग्रजांपर्यंत पोहोंचले तेव्हां अर्धे दमलेले होते. पुढें गर्दी इतकी झाली, कीं शस्त्र उगारावयास जागा उरली नाहीं. मग धनुर्धरांनीं धनुष्यें टाकलीं, आणि तलवारी, कुऱ्हाडी व मोगऱ्या घेऊन ते त्यांच्यावर तुटून पडले. जे खांदे दहा-वीस वर्षें धनुष्य ओढीत आले होते, त्यांना मोगरी जड वाटण्याचें कारण नव्हतें.

बूसिको कैद झाला. शिडीवर उलट चढणारा हा वीर पुन्हां मायदेशीं गेला नाहीं. १४२१ सालीं इंग्लंडांत कैदेंतच त्याला मृत्यु आला. त्याच्या शिक्षणांत कांहीं उणें होतें असें नव्हे. परंतु वैयक्तिक बळ कितीहि मोठें असलें, तरी जमीन, पाऊस आणि सेनापतीचा विचार यांपुढें त्याची मर्यादा ठरलेली असते. आणि एका सरदाराच्या कसरतीपेक्षां हजारों सामान्यांची सवय लढाईंत भारी पडते.

पण ही सवयहि अमर नव्हती. १५४१ सालीं आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटनें पुन्हां कायदा केला : सात ते सतरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला बापानें एक धनुष्य आणि दोन बाण द्यावे, चोवीस वर्षांवरील माणसानें हलके बाण घेऊन २२० यार्डांच्या आंतील निशाणावर नेम मारीत बसूं नये. कायद्याचा हा कडक सूरच सांगतो, कीं घराघरांतून ती रीत सुटत चालली होती. जी गोष्ट सर्वजण आपण होऊन करतात, तिच्यासाठीं कायदा करावा लागत नाहीं. ज्या वर्षीं मेरी रोझ बुडालें, त्याच १५४५ सालीं केंब्रिजच्या रॉजर ॲस्कम यानें धनुर्विद्येची महती गाणारा 'टॉक्सोफिलस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर चार वर्षांनीं लॅटिमरनें जी बालपणची आठवण काढली, तीहि तक्रार म्हणूनच : लोक आतां मोकळ्या मैदानांतला सराव सोडून शहरांतल्या व्यसनांना लागले आहेत, असें त्याचें गाऱ्हाणें होतें. बंदूक तर दारांत येऊन उभी होतीच. धनुर्धर घडवावयास सारें बालपण आणि तारुण्य लागे. बंदूकवाला कांहीं आठवड्यांत तयार होई. उपाशी किंवा आजारी धनुर्धराचा बाण दुबळा पडे. बंदुकीची गोळी मात्र चाप ओढणारा जेवला आहे कीं नाहीं, हें विचारीत नसे. १५९० सालीं सर जॉन स्मिथ या जुन्या योद्ध्यानें धनुष्याची बाजू हिरिरीनें मांडली. परंतु १५९५ सालीं राणी एलिझाबेथच्या मंत्रिमंडळानें नागरिक-सैन्यांतून धनुष्याची जागा बंदुकीला देऊन टाकली. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांतच तें जुनें धनुष्य ओढणारा खांदा दुर्मिळ झाला, आणि पुढच्या काळांतील पंडित तसा खांदा कधीं असूं शकेल कीं काय, याचीच शंका घेऊं लागले.

या दोन-तीन पिढ्यांत इंग्लंडांत कोणी राक्षस मेले नव्हते आणि वामन जन्मले नव्हते. माणसें तींच, उंची तीच, अन्नहि थोड्याफार फरकानें तेंच. बदलली ती एकच गोष्ट : सातव्या वर्षीं मुलाच्या हातीं धनुष्य देणारा बाप नाहींसा झाला. त्याबद्दल शोक करण्याचेंहि कारण नाहीं. तीं धनुष्यें माणसें मारण्यासाठीं होतीं, आणि त्यांच्यासाठीं मुलांच्या हाडांनीं काय सोसलें हें आपण पाहिलें. परंतु पूर्वीच्या लोकांच्या बळाची गोष्ट निघाली, कीं कलियुगाला दोष देऊन स्वस्थ बसण्याची जी आपली संवय आहे, तिला मात्र या इतिहासांत कोठें आधार सांपडत नाहीं. आपल्या भाषेंत आखाड्याला तालीम म्हणतात, आणि तालीम या मूळच्या अरबी शब्दाचा अर्थच शिकवण असा आहे. जुन्या लोकांनीं ही गोष्ट एका शब्दांत सांगून ठेविली होती. संग्रहालयांतील कपाटापुढें उभें राहून आपल्या मुलाला तलवार दाखविणाऱ्या गृहस्थानें ती किती जड असेल याचा अंदाज करण्यापेक्षां, ती धरणारा हात वयाच्या कोणत्या वर्षापासून तयार होऊं लागला असेल, हें त्याला सांगावें. त्या प्रश्नाचें उत्तर मुलाला अधिक उपयोगीं पडेल.